शिष्यवृत्तीवर सुरगाण्याला जाणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थिनीला एका विश्वस्त संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली आहे. त्या रकमेतून तिने सुरगाणा तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावी आठ आठवडे राहून प्रशिक्षण घ्यायचे आणि शेवटी अहवाल द्यायचा आहे. या काळात नेमके काय करावे, आरोग्य शिबिरे घ्यावीत की सर्वेक्षण करावे, शिष्यवृत्तीच्या अटींत काय तपासून घ्यावे आणि पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या तयारीतले दोन महिने असे देणे परवडेल का, असे तिने विचारले आहे. राहण्याच्या सोयीची घरच्यांना काळजी वाटते, हेही तिने कळवले आहे. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी तालुक्यांत वैद्यकीय अधिकारी म्हणून आणि नंतर जनऔषधवैद्यकशास्त्राचा (कम्युनिटी मेडिसिन) शिक्षक म्हणून केलेल्या कामाच्या आधारे मी हे उत्तर देत आहे.

माझे मत आधीच सांगतो. शिबिरे घेऊ नका आणि मोठे सर्वेक्षणही हाती घेऊ नका. शिष्यवृत्तीच्या पैशांतून तुम्हाला मिळणार आहे तो मुक्काम, आणि वैद्यकीय विद्यार्थ्याला एरवी नेमकी हीच गोष्ट मिळत नाही. म्हणून थोडी घरे निवडा, त्यांतील आजारी माणसे, गरोदर बाया आणि लहान मुले यांच्यामागे आठही आठवडे राहा, आणि घराच्या उंबऱ्यापासून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, कळवणचे उपजिल्हा रुग्णालय आणि नाशिकचे जिल्हा रुग्णालय या वाटेवर माणूस कोठे थांबतो, कोठून परत फिरतो आणि कोठे उशीर होतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पुढचे सर्व विवेचन या एका सल्ल्याभोवतीच आहे.

वैद्यकीय विद्यार्थ्याने खेड्यात जाऊन शिकावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९४६ च्या भोर समितीने रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली होती. १९६९ मध्ये सेवाग्रामला सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाने ग्रामीण शिक्षण हाच आपल्या कामाचा पाया मानला. १९७७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना प्राथमिक आरोग्य केंद्रांशी जोडण्याची केंद्राची योजना आली. आता आंतरवासितेत (इंटर्नशिप) जनऔषधवैद्यकशास्त्रासाठी १२ आठवडे आहेत आणि २०२१-२२ च्या तुकडीपासून विद्यार्थ्याने गावातील काही कुटुंबांचा पाठपुरावा करायचा असा कुटुंब दत्तक कार्यक्रमही अभ्यासक्रमात आला आहे. तुम्हीही तो करत असालच. परंतु महाविद्यालयाच्या बसने सकाळी गावात जाणे, ठरलेले नमुने भरणे आणि दुपारी परतणे असेच त्याचे रूप बहुतेक ठिकाणी झालेले आहे. बस ज्या वेळी गावात पोहोचते त्या वेळी कामाची माणसे शेतात असतात आणि बस निघून गेल्यावर ती घरी येतात. संध्याकाळी सातनंतरचे गाव, जेव्हा ताप चढतो, प्रसववेदना सुरू होतात आणि साप चावतो, ते विद्यार्थ्याला दिसतच नाही.

याच कारणाने ऑस्ट्रेलियातील जॉन फ्लिन योजना मला नेहमी उल्लेखनीय वाटत आली आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या या योजनेत शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी वर्षातले दोन आठवडे ग्रामीण भागात घालवत आणि पुढील वर्षी पुन्हा त्याच गावी, त्याच डॉक्टरकडे जात. एकूण कालावधी तुमच्याएवढाच, म्हणजे आठ आठवड्यांच्या आसपास. पण तो विभागलेला असल्यामुळे विद्यार्थ्याला मागच्या वेळचा रुग्ण पुन्हा भेटे आणि गावालाही विद्यार्थी ओळखीचा होई. तुमच्या संस्थेने परवानगी दिली तर आठ आठवडे सलग न घेता चार-चार आठवड्यांच्या दोन टप्प्यांत घ्या, आणि दोन्ही टप्पे एकाच केंद्रावर घ्या. सलग दोन महिने महाविद्यालयाबाहेर राहिल्यास व्याख्यानांची ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांची ८० टक्के उपस्थिती राखणे अवघड होते, हा व्यवहारही त्यात आहेच. इलेक्टिव्हचा, म्हणजे स्वतः निवडलेल्या विषयासाठीचा, काळ आणि सुट्ट्या जोडून टप्पे आखल्यास हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

टप्पे कोणते घ्यावेत, हे ठरवण्यासाठी सुरगाण्याचे वर्ष समजून घ्यावे लागते. जून ते सप्टेंबर हा काळ पावसाचा आणि शेताचा. भात, नागली आणि वरईच्या आवणीच्या दिवसांत घरातील सर्व हात शेतात असतात, मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर असते आणि ओढे भरून वाहू लागले की काही पाड्यांचा रस्ता तासन्‌तास बंद राहतो. मागच्या वर्षीचे धान्य संपत आलेले आणि नवे अजून शेतात, असा हा हंगाम असतो. लहान मुलांची वजने याच काळात खाली येतात आणि जुलाब व तापाच्या साथीही याच वेळी येतात. दिवाळीनंतर चित्र अगदी बदलते. कुटुंबेच्या कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी, निफाड आणि गिरणारे परिसरात उतरतात. गावात म्हातारी माणसे आणि कुलूप लावलेली घरे उरतात. लसीकरण सत्राच्या दिवशी यादीत नाव असलेले बाळ त्या वेळी पिंपळगावजवळच्या एखाद्या बागेच्या बांधावर झोळीत असते. म्हणून पहिला टप्पा जुलै-ऑगस्टमध्ये आणि दुसरा जानेवारी-फेब्रुवारीत घेतला, तर एकाच आरोग्य केंद्राची दोन वेगळी रूपे तुम्हाला पाहता येतील. दुसऱ्या टप्प्यातील एक आठवडा गावात न घालवता, तुम्ही निवडलेल्या कुटुंबांपैकी जी खाली कामाला आली असतील त्यांना बागेवर जाऊन भेटण्यात घालवा. नाशिककर विद्यार्थिनीला हे सहज शक्य आहे.

बागेवर गेल्यावर काय दिसेल, याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण नाशिकच्या पाठ्यक्रमात असायला हवे असे हे ज्ञान सहसा कोणी शिकवत नाही. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. मजूर ती पुष्कळदा हातमोज्यांशिवाय किंवा फाटक्या मोज्यांनी लावतात, त्यामुळे हातांची कातडी भाजल्यासारखी होते, हे कोणालाही दिसते. न दिसणारी गोष्ट अशी, की हे रसायन शरीरात मद्याचे विघटन मध्येच अडवते. दिवसभर पेस्ट लावून संध्याकाळी थोडी दारू घेतलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, धाप लागते, रक्तदाब उतरतो आणि तो हृदयविकार किंवा विषबाधा म्हणून दाखल होतो. दारू सोडवण्यासाठीचे डायसल्फिराम हे औषध घेणाऱ्या रुग्णाने मद्य घेतल्यावर जे होते तेच हे. औषधशास्त्राच्या तोंडी परीक्षेत डायसल्फिरामची प्रतिक्रिया घडाघडा सांगणारे विद्यार्थी असा रुग्ण समोर आला की गोंधळतात, कारण आज काय काम केले हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. कीटकनाशकांच्या फवारणीबाबतही तेच. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या आणि मंद नाडी घेऊन आलेल्या माणसाला ऑर्गॅनोफॉस्फेट या गटातील कीटकनाशकाची बाधा आहे हे ओळखता येते. पण ती फवारणीतून झाली की जाणूनबुजून पिण्यातून, हे कळायला घरची माहिती लागते, आणि उपचारानंतर घरी पाठवताना तीच माहिती निर्णायक ठरते. रुग्णाचा व्यवसाय केसपेपरवर ‘मजूर’ असा एका शब्दात न लिहिता मागच्या आठवड्यात त्याने नेमके कोणते काम केले ते लिहिण्याची सवय या आठ आठवड्यांत लागली, तरी शिष्यवृत्ती सत्कारणी लागली असे मी म्हणेन.

आता मुख्य कामाकडे येतो. डोंगराळ व आदिवासी भागात साधारण ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. मैदानी भागात हेच आकडे ५,००० आणि ३०,००० आहेत. कागदावरचा हा फरक बरा वाटतो, पण विखुरलेल्या पाड्यांमध्ये अंतर हे किलोमीटरपेक्षा पायवाट, ओढा आणि वाहन मिळणे यांवर ठरते. एक उपकेंद्र निवडा, त्याखालचे दोन पाडे घ्या, एक उपकेंद्राच्या जवळचा आणि एक सर्वांत लांबचा, आणि दोन्ही मिळून पंधरा-वीस घरांपलीकडे जाऊ नका. त्या घरांत एखादी गरोदर स्त्री, एखादे नवजात बाळ, कमी वजनाचे मूल, क्षयरोगाचा उपचार घेणारा रुग्ण, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा रुग्ण किंवा वाहक आणि रक्तदाबाची गोळी चालू असलेले एखादे वयस्क माणूस असावे. ही निवड तुम्ही एकटीने करू नका. आरोग्यसेविका आणि आशाताई यांच्याबरोबर बसून करा, कारण कोणत्या घरात तुमच्या वारंवार येण्याचा त्रास होईल हे त्यांना ठाऊक असते.

पहिला आठवडा केवळ आशाताईंच्या मागे चालण्यासाठी ठेवा. घरगुती नवजात बालक काळजी कार्यक्रमात रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाच्या घरी त्यांना ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचे असते. अशा दोन-तीन भेटी पाहिल्यात, की बाळाचे वजन करणे, अंग गार आहे का पाहणे, दूध ओढते का पाहणे यात पुस्तकापेक्षा हातांचा भाग किती आहे ते समजेल. ही पद्धत आपल्याच राज्यात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, हे तुम्हाला वर्गात सांगितले असेल; ती आशाताईंच्या हातात पाहणे हा वेगळा अभ्यास आहे. आशाताईंना प्रश्न विचारताना परीक्षकाचा सूर लावू नका. त्यांना कामाच्या प्रमाणात मोबदला मिळतो, अनेक नोंदवह्या भराव्या लागतात, आणि शहरातून येणारा प्रत्येकजण त्यांच्या चुका शोधायला येतो अशी त्यांची समजूत झालेली असते, जी अनुभवाने झालेली आहे.

घरोघरी पाहण्यासारख्या गोष्टींपैकी एकच सविस्तर सांगतो: लोहाच्या गोळ्या. गरोदरपणात रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी किमान १८० दिवस द्यायची असते. नोंदवहीत गोळ्या दिल्याची नोंद जवळजवळ प्रत्येकीपुढे सापडेल. हिमोग्लोबिन मात्र वाढलेले नसते. आता त्या घरी जाऊन, रागावण्याची भीती वाटणार नाही अशा रीतीने, उरलेल्या गोळ्या पाहायला मागा. काहींच्या बाबतीत मळमळ आणि काळे शौच हे कारण निघेल. काही जणी कोरा चहा आणि गोळी एकत्र घेत असतील. काहींना बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल अशी सासूने भीती घातलेली असेल. काहींच्या बाबतीत डबा शेतावरच्या खोपीत आणि बाई घरी, इतके साधे कारण असेल. आणि एखादीच्या बाबतीत गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही असे दिसेल. तेव्हा सिकलसेलची चाचणी झाली आहे का, हा प्रश्न विचारायचा असतो. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी होकारार्थी आल्यावर वाहक की रुग्ण हे ठरवण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतील पक्की तपासणी लागते आणि तो निकाल रुग्णापर्यंत परत पोहोचला का, हे पाहणे हा पुन्हा एक स्वतंत्र पाठलाग असतो. ‘रक्तक्षय’ या एका निदानामागे इतक्या निरनिराळ्या वाटा असतात, हे पंधरा घरांत फिरून कळते. पाचशे घरांच्या सर्वेक्षणात कळत नाही, कारण तेथे तुम्ही केवळ टक्केवारी काढून परत येता.

रुग्ण वर पाठवला जातो तेव्हा त्याच्याबरोबर जा. सिस्टर आणि वैद्यकीय अधिकारी यांनी परवानगी दिली, तर १०२ किंवा १०८ च्या गाडीतून कळवणपर्यंत आणि गरज पडल्यास नाशिकच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत प्रवास करा. लक्षण प्रथम केव्हा जाणवले, निघायचे केव्हा ठरले आणि कोणी ठरवले, गाडीला केव्हा फोन केला, फोनला रेंज कोठे मिळाली, गाडी केव्हा आली, रुग्णालयाच्या दारात केव्हा पोहोचलो आणि पहिला उपचार केव्हा मिळाला, एवढ्या वेळा वहीत टिपा. मातामृत्यूंच्या संदर्भात निर्णयाचा, प्रवासाचा आणि उपचाराचा असे तीन विलंब थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये मांडले, ते तुम्ही वाचले असतील. पाच-सहा रुग्णांच्या वेळा अशा मांडल्यात की कोणत्या विलंबाला कोण जबाबदार आहे याविषयीच्या पुष्कळशा सोप्या समजुती गळून पडतील. लोक अज्ञानी म्हणून उशिरा येतात, असे शहरात बसून म्हटले जाते. प्रत्यक्षात मागच्या वेळी रुग्णालयात भूलतज्ज्ञ नव्हता म्हणून पुढे पाठवले, तेथून आणखी पुढे पाठवले, बरोबरच्या माणसांचे दोन दिवसांचे रोज बुडाले आणि परतीच्या भाड्याला पैसे उरले नाहीत, हे त्या कुटुंबाने लक्षात ठेवलेले असते. पुढच्या वेळचा उशीर त्या आठवणीतून आलेला असतो. सीमेवरच्या गावांतील काही रुग्ण नाशिककडे येतच नाहीत, ते गुजरातमध्ये धरमपूरला जातात. आपल्या नोंदींत ते ‘गैरहजर’ दिसतात, पण त्यांच्यावर उपचार झालेले असतात. पहिलटकरीण माहेरी जाते तेव्हाही असेच घडते; तिची नोंदणी एका उपकेंद्रात, प्रसूती दुसऱ्या तालुक्यात आणि बाळाची पहिली लस तिसरीकडेच.

मर्यादांबाबत मी कठोर आहे. तुमची अद्याप वैद्यक परिषदेकडे नोंदणी नाही, त्यामुळे स्वतंत्रपणे तपासून औषध देण्याचा तुम्हाला अधिकार नाही. गावात पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लोक तुम्हाला डॉक्टर मॅडम म्हणू लागतील आणि रात्री कोणी दार वाजवील. अशा वेळी रुग्णाला घेऊन सिस्टरकडे किंवा केंद्रात जाणे एवढेच तुमचे काम. मनुष्यबळ कमी आहे म्हणून एखाद्या दिवशी तुमच्यावर ओपीडी सोपवली जाईल. नम्रपणे नकार द्या आणि महाविद्यालयातील मार्गदर्शकाला त्याच दिवशी कळवा. शहरातल्या रुग्णावर जे करण्याची तुम्हाला परवानगी नाही, ते पाड्यावरच्या रुग्णावर करण्याचीही नाही. शिबिरांना माझा विरोध आहे तोही काहीसा याच कारणाने. शिबिरात रक्तदाब मोजला जातो, पंधरा दिवसांची गोळी दिली जाते, फोटो निघतात, आणि सोळाव्या दिवशी काय करायचे हे कोणी सांगितलेले नसते.

मर्यादेत राहूनही शिकण्यासारखे खूप आहे. सर्पदंशाचे उदाहरण घ्या. पावसाळ्याच्या टप्प्यात असे रुग्ण येण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून जाण्यापूर्वी राष्ट्रीय उपचारपद्धती वाचून जा. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन ती न हलवता २० मिनिटे ठेवायची आणि गोठले नाही तर रक्तावर परिणाम करणारे विष आहे असे समजायचे, ही चाचणी कोणत्याही केंद्रात होते; पण नळी डिटर्जंटने धुतलेली असेल किंवा प्लास्टिकची असेल तर निष्कर्ष चुकतो, हे मात्र प्रत्यक्ष करतानाच लक्षात राहते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, जागेवर सूज जवळजवळ नसते, पोटात दुखते आणि पहाटे पापण्या जड होतात. तेथे ही चाचणी सामान्य येते आणि केवळ तिच्यावर विसंबून राहिले तर धोका होतो. प्रतिविष साधारण १० कुप्यांपासून सुरू करताना तीव्र ॲलर्जी उमटल्यास द्यायचे ॲड्रेनॅलिन भरून हाताशी का ठेवतात, हे एकदा पाहिले की विसरता येत नाही. रुग्ण आधी भगताकडे गेलेला असेल तर त्यावरून कोणालाही बोल लावू नका. भगत गावातच राहतो आणि त्याचे ऐकले जाते. मंत्र म्हणा, पण गाडीला फोन आधी करा, एवढे त्याने मान्य केले तर वेळ वाचतो. काही ठिकाणी हे मान्य झालेले मी पाहिले आहे, काही ठिकाणी नाही.

आता पैशांचा विषय. शिष्यवृत्ती हा शब्द आपल्याकडे तीन निरनिराळ्या व्यवहारांसाठी वापरला जातो. पहिला शुल्क आणि निर्वाह यांसाठीच्या शासकीय योजनांचा, ज्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. दुसरा ठरावीक कामासाठीच्या रकमेचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची १९७९ पासून चालू असलेली अल्पकालीन विद्यार्थी संशोधनवृत्ती या प्रकारातली, ज्यात दोन महिन्यांचे संशोधन करायचे असते आणि अहवाल मान्य झाल्यावरच रक्कम हाती येते. तिसरा सेवेच्या करारावर दिलेल्या शिक्षणखर्चाचा. जपानमधील जिची वैद्यकीय विद्यापीठ १९७२ पासून शिक्षणखर्च उचलून विद्यार्थ्याला आपल्या प्रांतात साधारण नऊ वर्षे सेवा करायला लावते, आणि तेथे ती व्यवस्था टिकली आहे, कारण त्या नऊ वर्षांत कोठे काम करायचे आणि पुढे काय शिकायचे याची आखणी प्रांत स्वतः करतो. तुमची शिष्यवृत्ती दुसऱ्या प्रकारची आहे असे दिसते. तरीही पत्रातील अटी शांतपणे वाचा. पुढे संस्थेच्या रुग्णालयात अमुक काळ काम करण्याची अट कोठे दडलेली नाही ना, हे पाहा. आठ आठवड्यांच्या खर्चासाठी तिसऱ्या वर्षातील विद्यार्थिनीकडून सेवेचा करार मागणारी संस्था मला योग्य वाटत नाही. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यास राज्याची एक वर्षाची सक्तीची सेवा आहेच. त्यावर आणखी एक बंधन चढवून घेऊ नका. रक्कम आधी मिळणार की नंतर, मुक्काम, प्रवास आणि अपघात विमा तीत धरला आहे का, आणि मध्येच आजारी पडून परतावे लागले तर रक्कम परत मागणार का, हे लेखी घ्या. शासनाची एखादी शिष्यवृत्ती चालू असेल तर दुसरी घेता येते का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात आधीच विचारा, कारण काही योजनांत त्याला मनाई असते. छायाचित्रांविषयी संस्थेची अपेक्षा काय आहे, तेही विचारा. देणगीदारांना दाखवण्यासाठी अर्ध्या कपड्यांतील कुपोषित मुलाचा फोटो हवा असेल, तर तो देणार नाही असे सुरुवातीलाच कळवा.

अहवाल लिहिताना एकच प्रश्न घ्या. ‘सुरगाणा तालुक्यातील आरोग्यस्थिती’ असे विषय घेऊन विद्यार्थी जनगणनेच्या तक्त्यांनी पाने भरतात. त्याऐवजी ‘अमुक उपकेंद्रातील पाच रुग्णांचा वरच्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास’ एवढा विषय पुरेसा आहे. पुढे तो कोठे प्रसिद्ध करण्याचा विचार असेल, तर महाविद्यालयाच्या नीतिशास्त्र समितीची मान्यता काम सुरू करण्यापूर्वी घ्यावी लागते, नंतर घेता येत नाही. संमती घेताना कागदावर अंगठा घेण्याआधी त्या बाईला तिच्या बोलीत सर्व समजावून सांगायला आशाताईंना सांगा; मात्र आशाताई समोर असल्यामुळे बाई नाही म्हणू शकत नाही, अशीही शक्यता असते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. नाव गाळले म्हणजे ओळख लपली असे लहान पाड्यात होत नाही. जुळी मुले झालेली, नवरा वारलेली, सिकलसेल असलेली अशी एकच बाई त्या पाड्यात असते आणि तिला सारे ओळखतात. असे तपशील बदला किंवा गाळा. खेड्यातील कामातून शास्त्र घडत नाही, असे मात्र कोणी सांगितले तर मानू नका. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या खाटेजवळ बसून निरीक्षणे केली आणि त्यांतून प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा उपचार रूढ झाला. त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती.

प्रवेश परीक्षेबद्दल फार लिहित नाही. तिसऱ्या वर्षातील आठ आठवड्यांमुळे कोणाचा क्रमांक गेला असे माझ्या पाहण्यात नाही, आणि जनऔषधवैद्यकशास्त्र, बालरोग व प्रसूतिशास्त्र यांतील कितीतरी आकडे, जसे तीव्र कुपोषित मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे किंवा जुलाबात झिंक १४ दिवस देणे, तुम्हाला पाठ करावे लागणार नाहीत. सोबत पुस्तके न्या. संध्याकाळी वीज असेल तेव्हा वाचन होते.

राहण्याविषयी घरच्यांची काळजी रास्त आहे आणि ती केवळ धीर देऊन मिटणारी नाही. केंद्राच्या आवारातील निवासस्थानात एखाद्या सिस्टरबरोबर राहण्याची सोय सर्वांत चांगली. ती नसेल तर जवळच्या कन्या आश्रमशाळेच्या अधीक्षिकांकडे चौकशी करा. एकटीने रिकाम्या उपकेंद्रात मुक्काम करू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. खाटेवर, मच्छरदाणीत झोपा, रात्री विजेरीशिवाय बाहेर पडू नका, पाणी उकळून प्या, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसी पूर्ण करून जा आणि श्वानदंशाची पूर्वप्रतिबंधक लस घ्या. ओढा भरलेला असताना दुचाकीवर कोणाच्या मागे बसून तो ओलांडू नका. मार्गदर्शकाला दर दोन दिवसांनी ठरलेल्या वेळी फोन करायचा, आणि फोन आला नाही तर त्यांनी केंद्रावर चौकशी करायची, असे आधीच ठरवा. रेंज कोठे मिळते हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक सभेत दहा मिनिटे मागा आणि तुम्हाला दिसलेल्या गोष्टी कर्मचाऱ्यांसमोर मांडा, दोष न देता. ज्या रुग्णांचा पाठपुरावा अर्धवट राहिला असेल त्यांची यादी आरोग्यसेविकेकडे लेखी द्या. अहवालाची प्रत विश्वस्त संस्थेइतकीच त्या केंद्रालाही मिळाली पाहिजे.

शेवटी परवानगीविषयी, कारण बहुतेक विद्यार्थ्यांचे वेळापत्रक येथेच कोलमडते. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात, तर ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या. त्यामुळे महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांची दोन स्वतंत्र पत्रे लागतील, एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे आणि एक जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे, आणि पहिल्या पत्राची प्रत सुरगाण्याच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी लागेल. आश्रमशाळेत राहायचे असेल तर कळवणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचीही परवानगी घ्या. रुग्णवाहिकेतून रुग्णासोबत जाण्याचा उल्लेख पत्रात स्पष्टपणे असू द्या, नाहीतर ऐन वेळी चालक बसू देत नाही आणि ते बरोबरच आहे. जुलैचा टप्पा गाठायचा असेल तर ही पत्रे एप्रिलमध्येच विभागप्रमुखांच्या टेबलावर गेली पाहिजेत.